‘तोतया’ म्हणजे नेमका कोण, आणि हा शब्द आला कुठून?

अनुस्वार (प्रश्न)

एका मजकुराचं मराठीकरण चालू आहे आणि एका शब्दावर गाडी अडली आहे. मजकुरातला माणूस एका गावात डॉक्टर म्हणून राहतो, दुसऱ्या गावात निवृत्त सैनिकी अधिकारी म्हणून, तिसरीकडे जमिनीचा दलाल म्हणून. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं, कागदपत्रं वेगळी. यातलं एकही नाव कुणा खऱ्या माणसाचं नाही, सगळी त्याने स्वतः रचलेली आहेत. अशा माणसाला ‘तोतया’ म्हणता येईल का? की तोतया व्हायला आधी कुणीतरी ‘मूळ’ माणूस असावा लागतो?

‘बहुरूपी’, ‘छद्मी’, ‘भामटा’ हे पर्याय समोर आहेत, पण तिन्ही कुठेतरी खटकतात.

शब्दाच्या उगमाबद्दल तीन गोष्टी ऐकल्या आहेत. एक, तोता म्हणजे पोपट, तो नक्कल करतो म्हणून तोतया. दोन, ‘तो’ आणि ‘तया’ मिळून तोतया, म्हणजे ‘तो त्याच्यासारखा’. तीन, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा जो तोतया निघाला त्याच्यापासूनच हा शब्द जन्माला आला. यातलं टिकणारं काय?

आणि जाता जाता: तोतयागिरी की तोतयेगिरी?

---

कोशकीडा

आधी अर्थाचं बघू, कारण तुमचं अडलेलं काम त्यावर आहे.

‘तोतया’ हा शब्द नाम म्हणून आला की त्याला षष्ठीची, म्हणजे ‘चा-ची-चे’ लागलेल्या शब्दाची, भूक असते. ‘कोणाचा तोतया?’ हा प्रश्न विचारून बघा. ‘भाऊसाहेबांचा तोतया’, ‘राजपुत्राचा तोतया’ असं उत्तर देता आलं तर शब्द बरोबर बसला. बाप, शेजारी, जामीन, वारस हे शब्द जसे दुसऱ्या माणसाशिवाय अपुरे राहतात, तसाच हा. तुमच्या माणसाला ‘कोणाचा?’ विचारलं तर उत्तरच नाही. म्हणून जुन्या, काटेकोर अर्थाने तो तोतया नव्हे.

पण गेल्या काही दशकांत वृत्तपत्रांनी या शब्दाला दुसरं काम लावलं. ‘तोतया पोलिस’, ‘तोतया डॉक्टर’, ‘तोतया अधिकारी’. इथे कुणा विशिष्ट पोलिसाचं रूप घेतलेलं नसतं, पदाचं घेतलेलं असतं. षष्ठीची भूक इथे पुढच्या नामाने भागते. म्हणजे तुमच्या मजकुरातल्या पहिल्या गावापुरतं ‘तोतया डॉक्टर’ निर्धास्त लिहा. दुसऱ्या गावासाठी ‘तोतया लष्करी अधिकारी’ही चालेल. दलालाच्या बाबतीत मात्र अडचण येते: तो खरंच दलाली करत असेल तर धंदा खरा आहे, फक्त नाव खोटं आहे. तिथे ‘तोतया दलाल’ लिहिलं तर वाचक समजेल की दलालीच खोटी होती. त्या ठिकाणी ‘बनावट नावाने दलाली करणारा’ असं सरळ लिहावं लागेल.

तिन्ही रूपांना मिळून एकच शब्द हवा असेल तर मराठीत तो तयार नाही, आणि ओढून आणू नये असं माझं मत. ‘नावं बदलून वावरणारा’ ही तीन शब्दांची रचना एका चुकीच्या शब्दापेक्षा कितीतरी बरी.

उगमाबद्दल सविस्तर लिहितो, जरा वेळ लागेल.

---

दफ्तरदार

तिसऱ्या मुद्द्याबद्दल. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली. सदाशिवरावभाऊ तिथे पडले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. अशा वातावरणात सुखनिधान नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने आपणच भाऊसाहेब असल्याचा दावा केला. तो पकडला गेला, कैदेत राहिला, आणि 1776 साली रत्नागिरीच्या सुभेदारानेच त्याला बाहेर काढून उभं केलं. बघता बघता कोकणातला बराच मुलूख त्याच्या बाजूला गेला. पुढे महादजी शिंद्यांच्या आणि भिवराव पानशांच्या फौजांनी त्याचा मोड केला, पळताना रघूजी आंग्र्यांनी त्याला धरलं, पुण्यात चौकशी होऊन त्याच वर्षी देहदंड झाला.

हे सगळं 1776मध्येच का पेटलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. गादीवर सवाई माधवराव होते आणि त्यांचा जन्म 1774चा, म्हणजे पेशवा दोन वर्षांचा. एकीकडे गादीवर हक्क सांगणारे रघुनाथराव, दुसरीकडे बाल पेशव्याच्या नावाने कारभार चालवणारे बारभाई. अशा वेळी ‘भाऊसाहेब जिवंत आहेत’ ही बातमी खरी असावी असं वाटणारे लोक होते, आणि ती खरी नसली तरी वापरता येईल असं वाटणारेही होते. तोतया कधीच एकट्याच्या बळावर उभा राहत नाही. त्याला मान्यता देणारा कुणीतरी प्रतिष्ठित माणूस लागतो, आणि इथे तो सुभेदार होता.

आता शब्दाकडे. घटनेने शब्द घराघरांत पोचवला, एवढं मी मान्य करीन. पण घटनेतून शब्द ‘जन्मला’ हे मान्य करता येत नाही. त्या माणसाचं नाव सुखनिधान. नावावरून शब्द बनला असता तर ‘सुखनिधानी’ असं काहीतरी झालं असतं. लोकांनी त्याला ‘तोतया’ म्हटलं, म्हणजे म्हणणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या ओळखीचा शब्द आधीच हाताशी होता. एखादी घटना शब्दाला प्रसिद्धी देते आणि मग पुढच्या पिढ्यांना ती घटनाच शब्दाची आई वाटू लागते. ‘विश्वासराव पानिपतावर गेले’ यातून ‘विश्वास पानिपतात गेला’ हा वाक्प्रचार निघाला. पण ‘विश्वास’ हा शब्द काही पानिपतावर तयार झालेला नाही.

---

कोशकीडा

आता व्युत्पत्ती. एकेक घेऊ.

तो + तया. ‘तया’ हे ‘तो’चं जुनं सामान्यरूप: तयाचा, तयासी, तयाने. सामान्यरूपाला पुढे प्रत्यय किंवा शब्दयोगी लागतो, ते उघडं पडून नाम होत नाही. ‘मी’ आणि ‘मज’ जोडून ‘मीमज’ असं नाम मराठीत होत नाही, तसंच हे. शिवाय ‘तोतया’ला स्वतःचं सामान्यरूप आणि अनेकवचन आहे: तोतये आले, तोतयांना धरलं. सर्वनामांच्या जोडीला असं चालवता आलं नसतं. हा खुलासा शब्दाच्या नादावरून सुचलेला आहे, त्यापलीकडे त्यात काही नाही.

तोता म्हणजे पोपट. हा खुलासा गोड आहे, म्हणूनच तो टिकून आहे. पण तीन ठिकाणी अडतो.

पहिलं, रूप. मराठीचा ‘-या’ प्रत्यय शब्दाच्या शेवटचा ‘आ’ खाऊन जोडाक्षर करतो: लंगडा–लंगड्या, नकटा–नकट्या, गोटा–गोट्या. ‘तोता’पासून ‘तोत्या’ झालं असतं, ‘तोतया’ नाही. मधला ‘त’ पूर्ण उच्चारला जातो, तो त्याच्याबरोबर स्वतःचा स्वर घेऊन आला आहे, आणि त्या स्वराचा हिशोब पोपटवाल्यांना देता येत नाही.

दुसरं, मराठी माणसाचा पक्षी पोपट, राघू, रावा. ‘तोता’ हिंदीत चालतो. शब्द हिंदीतल्या पोपटावरून आला असता तर हिंदीत तो आधी दिसायला हवा होता. हिंदीत या अर्थाने बहुरूपिया, नकली, फर्जी म्हणतात, ‘तोतया’ म्हणत नाहीत.

तिसरं, पोपटाची प्रतिमा. आपल्याकडे पोपट म्हणजे न समजता पाठ म्हणणारा: पोपटपंची. दुसऱ्याचं नाव आणि हक्क बळकावणाऱ्यासाठी पोपट वापरल्याचं एकही ठळक उदाहरण भाषेत सापडत नाही. सोंगासाठी आपण लांडगा, मांजर, बगळा आणतो: बगळ्याचं ध्यान, बगलाभगत.

फारसी वाट. मी याच बाजूचा आहे, कारणं अशी. अरबीत एक धातू आहे, अर्थ ‘पायाखाली तुडवणं’. त्यापासून ‘तौतिआ’: जमीन तुडवून सपाट करणं, त्यावरून पूर्वतयारी करणं. फारसीत हाच शब्द ‘रचून ठेवलेला डाव, कट’ या अर्थाला आला आणि आजच्या फारसीत कटकारस्थानाला रोजचा शब्द हाच आहे.

ध्वनी जुळतात का? ‘औ’चा ‘ओ’ होणं आपल्याकडे नेहमीचं: तौबा–तोबा, मौका–मोका. मधल्या ‘इ’चा ‘अ’ होणंही दिसतं: किमिया–किमया. ‘किमया’ आणि ‘तोतया’ शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा, साचा एकच आहे. (‘दुनिया’त मात्र ‘इ’ टिकला. त्यामुळे याला नियम म्हणू नका, मळलेली वाट म्हणा.)

अर्थ जुळतो का? ‘कट’ या अर्थाचा शब्द ‘कटातून उभा केलेला माणूस’ या अर्थाला यायला एक उडी लागते. गोष्टीचं नाव माणसाला लागण्याचा असा प्रवास फारसीमार्गे आलेल्या शब्दांनी केलेला आहे. ‘असामी’ घ्या. अरबीत त्याचा अर्थ ‘नावं’, अनेकवचनी. वहीत नावं, नावांपुढे रकमा, आणि होता होता ‘असामी’ म्हणजे माणूस. वर दफ्तरदार म्हणतात की तोतया कधीच एकटा उभा राहत नाही, त्याच्यामागे रचना असते. ते या अर्थाला नेमकं धरून आहे.

अजून एक सावधगिरी. कोशात शोधताना तीन वेगवेगळे फारसी शब्द देवनागरीत एकमेकांत मिसळतात. फारसी लिपीत ‘त’साठी ‘ते’ आणि ‘तोय’ अशी दोन अक्षरं आहेत. पोपट हा ‘तूती’, तो ‘तोय’ या अक्षराने लिहितात. कटवाल्या शब्दात आधी ‘ते’ आणि मग ‘तोय’. आणि ‘तूतिया’ नावाचं खनिज आहे, हिंदीत मोरचुदाला तेच म्हणतात, त्यात दोन्ही ‘ते’. मूळ लिपीत तिघांचा एकमेकांशी संबंध नाही हे डोळ्यांना दिसतं. देवनागरीत ‘त’ एकच असल्यामुळे तिघे भाऊ वाटतात, आणि बरेचसे घोटाळे इथूनच निघतात.

स्वतः पडताळायचं असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857च्या आवृत्तीत शब्दापुढच्या कंसातलं अक्षर बघायची सवय ठेवा: एस म्हणजे संस्कृत, पी फारसी, ए अरबी, एच हिंदुस्तानी. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात व्युत्पत्ती नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात असते, ती वाचायची राहून जाते.

---

मोरपीस

‘तोतरा’ आणि ‘तोतया’ यांचं काही नातं? दोन्हीत ‘तोत’ आहे.

---

कोशकीडा

नाही. ‘तोतरा’ हा अडखळत बोलण्याच्या आवाजावरून आलेला शब्द, हिंदीतला ‘तोतला’ त्याचाच भाऊ. तो विशेषण म्हणून चालतो: तोतरा, तोतरी, तोतरं. ‘तोतया’ तसा चालत नाही.

---

कलमदान

अर्थाच्या प्रश्नाला कायद्याची बाजू जोडतो, कारण मजकूर गुन्ह्याशी संबंधित दिसतो आणि तिथे हा शब्द पारिभाषिक आहे.

भारतीय दंड संहितेच्या कलम 416मध्ये जो गुन्हा होता, त्याचं मराठी नाव ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’. 1 जुलै 2024पासून त्याजागी भारतीय न्याय संहितेचं कलम 319 आहे. यात तीन प्रकार येतात: आपण दुसरीच कुणी व्यक्ती आहोत असं भासवणं, जाणूनबुजून एका माणसाच्या जागी दुसरा माणूस उभा करणं, आणि आपण किंवा दुसरा कुणी जो नाही तो आहे असं सांगणं. म्हणजे तोतया उभा करणाराही यात सापडतो. रत्नागिरीचा सुभेदार आज असता तर त्यालाही हेच कलम लागू करता आलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारी ओळ. त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की ज्याचं रूप घेतलं ती व्यक्ती खरी असो वा काल्पनिक, गुन्हा होतो. कायद्याच्या मराठीत ‘मूळ’ माणसाची गरज नाही. दंड संहितेतली दोन उदाहरणंही बोलकी आहेत. एकात ‘क’ हा त्याच नावाचा एक श्रीमंत सावकार असल्याचं भासवतो. नाव खरं आहे, ओळख खोटी आहे, तरी ती तोतयेगिरी. दुसऱ्यात तो मेलेल्या माणसाचं रूप घेतो. भाऊसाहेबांचं प्रकरण यात तंतोतंत बसतं.

पण नुसतं खोटं नाव सांगणं म्हणजे हा गुन्हा नव्हे. आधी ठकवणूक सिद्ध व्हावी लागते: फसवून मालमत्ता द्यायला लावणं, किंवा एरवी केलं नसतं असं काही करायला लावणं आणि त्यातून त्या माणसाचं नुकसान होणं किंवा होण्याचा संभव असणं. बातम्यांत ही पायरी गाळली जाते आणि खोटं नाव सांगणारा प्रत्येक जण ‘तोतया’ ठरतो.

शिक्षा: जुन्या कलम 419खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या 319(2)खाली कैद पाच वर्षांपर्यंत. मजकुरातला काळ कुठला आहे ते बघून कलम लिहा, ही चूक हल्ली सर्रास होते. ‘तोतया पोलिस’ हा प्रकार वेगळ्या कलमात येतो: लोकसेवक असल्याची बतावणी, पूर्वी 170, आता 204, किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं, शिवाय दंड. संगणक किंवा फोन वापरून केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-ड: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मतदानातली तोतयेगिरी न्याय संहितेच्या 172मध्ये.

मतदानाचं निघालंच आहे तर एक उपयोगी गोष्ट. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. मतदान केंद्राध्यक्षाकडे ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागा. ते यंत्रावर नाही, मतपत्रिकेवर द्यावं लागतं आणि वेगळ्या पाकिटात ठेवलं जातं. समोरचा माणूस तोतया वाटला तर मतदान प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून आक्षेप घेऊ शकतो, केंद्राध्यक्ष जागेवर चौकशी करतो.

---

अनुस्वार

फारच मदत झाली. पण म्हणजे बोलीत मूळ माणूस लागतो, कायद्यात लागत नाही. मग मी कुणाचं ऐकायचं?

---

कोशकीडा

मजकूर ज्याच्या तोंडचा आहे त्याचं. आरोपपत्र, निकाल, पोलिसांचं निवेदन असेल तिथे ‘तोतयेगिरी’ हाच शब्द हवा, तिथे दुसरं काही लिहिणं चूक. निवेदकाच्या साध्या कथनात मात्र वाचक ‘तोतया’ वाचून ‘कोणाचा?’ असं थांबेल. वर मी सरसकट नकार दिला होता, तो कथनापुरता ठेवा.

---

मुद्रितशोधक

राहिलेल्या पर्यायांबद्दल आणि रूपांबद्दल.

बहुरूपी लिहू नका. बहुरूपी म्हणजे सोंगं घेऊन दारोदार फिरणारे लोककलावंत, रायरंद हेही त्यांचं नाव. त्यांचं सोंग हे सोंग आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असतं, त्याचीच त्यांना दाद आणि बिदागी मिळते. फसवणुकीसाठी हा शब्द वापरला तर एका कलेवर आणि ती जपणाऱ्या लोकांवर विनाकारण डाग लागतो. हिंदीतला ‘बहुरूपिया’ फसवणाऱ्यालाही लावतात, तिथून हा वापर आपल्याकडे शिरतो आहे.

भामटा याहून जपून. हे एका समाजाच्या नावातलं पद आहे. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मावरून गुन्हेगार ठरवलं, तो कायदा 1952मध्ये गेला, पण शब्दांतून तो अजून पुरता गेलेला नाही. ‘ठक’ किंवा ‘फसवा’ लिहून काम भागतं.

छद्मी मध्ये वेगळा सापळा आहे. संस्कृतात छद्म म्हणजे कपटी आवरण, आणि हिंदीत ‘छद्मवेश’, ‘छद्मनाम’ सहज चालतात. मराठी वाचकाच्या कानाला मात्र ‘छद्मी’ म्हटलं की ‘छद्मी हसणं’ आठवतं, म्हणजे कुत्सित, खिजवणारं. ‘छद्मी माणूस’ लिहिलंत तर तो टोमणे मारणारा वाटेल. ‘छद्मवेषधारी’ कळेल, पण ते पुस्तकी आहे.

भोंदू तुमच्या यादीत नाही, तेही बरंच. तो शक्ती किंवा ज्ञान असल्याचं खोटं सांगतो, नाव बहुतेक स्वतःचंच असतं.

डमी परीक्षेतल्या बदली उमेदवाराला लावतात, तिथे तो ‘अमक्याचा डमी’ असतो, म्हणजे खरा तोतयाच. निवडणुकीतला ‘डमी उमेदवार’ वेगळा: मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर असावा म्हणून भरलेला दुसरा अर्ज. त्यात फसवणूक नाही.

ऊर्फ बद्दल एक: नावांच्या मध्ये ‘ऊर्फ’ घातलं की ती सगळी नावं लोकांत चालत होती एवढंच कळतं. ‘बाळासाहेब ऊर्फ अमुक’ यात खोटेपणा काही नसतो. तुमच्या माणसाच्या नावांची माळ ‘ऊर्फ’ने गुंफली तर खोटेपणा पुसला जाईल. ‘या नावाने’ असं लिहा.

तोतयेगिरी बरोबर. ज्या आकारान्त नामांचं अनेकवचन एकारान्त होतं त्यांना ‘-गिरी’ लागताना तोच ‘ए’ येतो: भामटे–भामटेगिरी, चमचे–चमचेगिरी, तोतये–तोतयेगिरी. ‘दादा’चं अनेकवचन ‘दादा’च राहतं म्हणून दादागिरी. ‘तोतयागिरी’ छापलेलं दिसतं ते ‘दादागिरी’च्या चालीवर.

स्त्रीसाठी ‘तोतयी’ करू नका. ‘तोतया डॉक्टर’ मध्ये ‘तोतया’ हे विशेषण नाही, दोन नामं शेजारी ठेवलेली आहेत, म्हणून लिंगाने बदलत नाही. ‘तोतया महिला अधिकारी’, ‘तोतया महिला अधिकाऱ्याला’ असं लिहा.

---

अनुस्वार

मग कथनात असं करतो: ‘तीन गावांत तो तीन बनावट नावांनी राहिला. पहिल्या गावात त्याने तोतया डॉक्टर बनून सहा वर्षं दवाखाना चालवला.’ आणि निकालाच्या उताऱ्यात ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’.

---

मुद्रितशोधक

छान. फक्त ‘तोतया डॉक्टर बनून’ नको. बनला तो डॉक्टर, तोतया हे आपण त्याला म्हणतो आहोत. ‘डॉक्टर असल्याची बतावणी करून सहा वर्षं दवाखाना चालवला’ लिहा, आणि पुढच्या वाक्यापासून त्याला ‘हा तोतया डॉक्टर’ म्हणा.